आत माणूस होतं

परभणी
९ जुलै २०२३

प्रिय दीपे,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून हसू नकोस. शाळा सुटल्यापासून मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही. तूच म्हणालीस की घरातला मोठा फोन सगळ्यांचा आहे, मेसेज आला की आधी अंगददाजी वाचतात, मग सासूबाई "कोणाचा हाय" म्हणून विचारतात. म्हणून कागद घेतला.

कामाचं बोलते. आपल्या मोबाइलवरच्या बंदुकांच्या गेमची जिल्ह्याची स्पर्धा सत्तावीस ऑगस्टला ठरली. रविवार, दुपारी दोन ते पाच. परभणीतल्या सगळ्या टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप आम्हा कॅप्टनांबरोबर चालवणारा नागेश, तोच भरवतोय. चौतीस टीम आहेत, त्यात पोरींची आपली एकच. तू, मी, राजेश्री आणि मनिषा. आपलं नाव यादीत बघून नागेशनं ग्रुपवर सगळ्यांदेखत काय लिहिलं माहितीय? "पोरींची टीम म्हणजे हळदीकुंकू. एक मॅच खेळतील, फोटो काढतील, जातील." खाली वीस जणांनी हसून घेतलं.

दीपे, माझ्या कानातून अजून ते जात नाही. म्हणून मी कॅप्टन म्हणून नियम केलाय. रोज चार तास सराव. ज्याला चार तास जमतात तो खेळाडू, ज्याला जमत नाहीत तो टाइमपासवाला. टाइमपासवाल्यांना आपल्या टीममध्ये जागा नाही. बाबा ऑफिसात, आई शाळेत, घर दिवसभर माझंच असतं, मी तर सहा तास बसते. राजेश्री आणि मनिषा तयार आहेत. आता तुझं सांग.

चुडाव्याहून पूर्णेला कॉलेजला जाताना रेल्वेत आपण दोघी एकाच फोनवर खेळायचो. तुझी नेमबाजी तेव्हापासून मला माहिती आहे. तुझ्याशिवाय मी उतरणार नाही.

तुझी
धम्मशीला


वस्ती, ता. सोनपेठ
१९ जुलै

धम्मे,
तुला जय भीम, काका-काकूला नमस्कार.

पोस्टमननं तुझं पत्र शेळ्यांच्या वाड्यापाशी आणून दिलं. सासूबाई म्हणल्या, "कोर्टाचं हाय का गं?" मी म्हणलं मैत्रिणीचं हाय. त्यांनी कागद उलटा-पालटा करून पाह्यला आन परत दिला. कागदावर माझंच नाव होतं. लय दिवसांनी अशी एक चीज हातात आली, जी फक्त माझी हाय.

चार तासाची तू फिकीर करू नको. शेळ्या घेऊन माळावर गेलं की दिवस आपलाच. लिंबाखाली रेंज पण यती. सासूबाईला समदं माहीत हाय, त्या काय म्हणत न्हाईत. आमचे हे तर सेंट्रिंगच्या कामावर जातात ते दिवस बुडाल्यावरच यतात.

त्या नागेशला म्हणावं, हळदीकुंकवाला ये, वाण देते.

इकडं पाऊस रुसलाय. बाकी समदं चांगलं हाय. टीममधून माझं नाव काढू नको.

तुझी
दीपिका


परभणी
२ ऑगस्ट

प्रिय दीपे,

तुझ्यावर चिडायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय.

गेल्या आठवड्यात तू तीन वेळा सरावातून मध्येच गायब झालीस. सोमवारी वीस मिनिटं, बुधवारी पंचवीस मिनिटं, शुक्रवारी आलीस आणि आम्ही गेममधल्या विमानातून जमिनीवर उतरायच्या आधीच गेलीस. राजेश्री मला म्हणाली, "धम्माताई, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. मैत्रीण म्हणून तिला सूट का?" मी म्हणाले, तिच्याकडं रेंजचा प्रॉब्लेम आहे. खोटं बोलले तुझ्यासाठी.

तू म्हणालीस दिवस तुझाच आहे. मग जातेस कुठं? मला वाटतं, लग्नानंतर तुला आता याचं काही वाटेनासं झालंय. तसं असेल तर वाईट वाटून घेणार नाही, पण आत्ताच सांग. ऐनवेळी सांगू नकोस. नागेश वाटच बघतोय. त्यानं परवा मला फोन करून विचारलं, "तुमची चौथी कोण? ती खेडवळ का? तिचा फोन तापून बंद पडतो म्हणे." हे त्याला कोणी सांगितलं, मला माहीत नाही.

सत्तावीसला दोन ते पाच हलायचं नाही. बाबासाहेबांची शपथ घालणार नाही, पण आपल्या रेल्वेतल्या दोन वर्षांची घालते.

धम्मशीला


वस्ती
१० ऑगस्ट

धम्मे,

शपथ घालायची गरज नव्हती. मी यणार म्हणलं की यणार.

मला खेळाचं काही वाटंना असं तू लिवलंस, ते वाचून जेवण गेलं न्हाई. माणसाला दिवसभरात एकच गोष्ट आपल्या मनासारखी करायला मिळत असली तर ती कशी वाटत असंल, तूच सांग.

स्पर्धा सकाळी घेता यती का? नसली यत तर जाऊ दे. दुपारची येळ पण बरी हाय. दोनला ऊन चढलं की शेळ्या सावलीला बसतात, पाचपर्यंत उठत न्हाईत. मी आठ दिवस ध्यान देऊन पाह्यलं.

फोन तापतो हे मीच मनिषाला म्हणलं होतं. आता ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते.

अजून पाऊस न्हाई. जमिनीला भेगा पडल्यात. रात पडली की मला सपान पडतंय की गेममधला मरणाचा गोल लहान होत होत आमच्या वाड्यापाशी आलाय आन मी बंदूक शोधायलेय. तू हसशील.

दीपिका


परभणी
२८ ऑगस्ट

दीपिका,

ग्रुपवर मी लिहिलंय ते वाचलं असशीलच. इथंही लिहिते, म्हणजे माझ्या पाठीमागं बोलली असं व्हायला नको.

दोन मॅच आपण चांगल्या खेळलो. तिसऱ्या मॅचमध्ये सात जण उरले होते, त्यात आपण चौघी. जिंकल्यात जमा होतो. आणि तू उभी राहिलीस. दगडासारखी. मी ओरडत होते, "दीपे हल, दीपे हल." तुझ्यामागं लपलेली मनिषा मेली, मग राजेश्री, मग मी. तुला तर पोरांनी शेवटी मारलं, मजा म्हणून, भोवती नाचून.

नागेशनं तो व्हिडिओ सगळीकडं फिरवला.

तुला टीममधून आणि ग्रुपमधून काढलंय. जे लिहिलं ते रागात लिहिलं, पण खोटं लिहिलेलं नाही. टाइमपासवाल्यांनी आमच्या वाटेत येऊ नये.

धम्मशीला


परभणी
११ सप्टेंबर

दीपे,

दोन आठवडे झाले. तू भांडशील म्हणून वाट बघत होते. तू भांडण ठेवून घेणारी नाहीस, कॉलेजात तर तू प्राध्यापकांशी भांडायचीस.

मी रोज गेम उघडून तुझं नाव बघते. सत्तावीस ऑगस्टनंतर तू एकदाही आलेली नाहीस. एक मिनिटसुद्धा नाही. काल दोनदा फोन केला, वाजला आणि कट झाला.

रागावलीस तर रागाव, पण एक ओळ पाठव. नुसतं "आहे" एवढं लिही.

धम्मा


वस्ती, ता. सोनपेठ
१७ सप्टेंबर

धम्मशीलाताईस,
अंगदचा नमस्कार.

तुमची दोन पत्रं आली. फोडली नाहीत. दीपिका इथं नाही. पोळ्याच्या आधी माहेरी गेली. पत्र इथं पाठवू नये. तुमच्या खेळानं आमच्या घरात काय झालं ते आम्हाला माहीत. जास्त लिहीत नाही.

अंगद


परभणी
२२ सप्टेंबर

दीपे,

हे पत्र येलदरीच्या पत्त्यावर टाकतेय, तुझ्या हातात पडेल या आशेवर.

दाजींचं पत्र आलं तशी मी दुसऱ्याच दिवशी चुडाव्याला गेले. गाडीतून उतरले ते थेट तुमच्या घरी. गीताकाकू अंगणात शेंगा निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगं धम्मा! एकटीच आलीस? दीपी कुठाय?"

मी म्हणाले, "काकू, ती इथं आहे ना?"

"न्हाई बाई. पोळ्याला यणार व्हती, आली न्हाई. मला वाटलं सासूनं ठेवून घेतली."

काकूंच्या मांडीवरचं सूप कलंडलं, शेंगा अंगणभर झाल्या, त्यांना भान नव्हतं. तुमच्या मागच्या विहिरीकडं माझी नजर गेली आणि मी ती मुद्दाम फिरवली. दीपे, तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय आलं ते मी कधीच कोणाला सांगणार नाही. ग्रुपवर मी तुला काय म्हणाले होते, तो शब्द सारखा कानात येत होता.

काकूंनी सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. चौथा फोन येलदरीच्या नर्मदामावशींना. त्या म्हणाल्या, "हाय माझ्यापाशी. जेवती-खाती. पण फोनवर यत न्हाई, जबरदस्ती करू नका." काकू तिथंच भिंतीला टेकून रडल्या.

काय झालं दीपे? तुमच्या घरात काय झालं?

धम्मा


येलदरी
३० सप्टेंबर

धम्मे,

मी चांगली हाय. आईला सांग, तसलं काही मनात आणू नको म्हणावं.

आता खरं लिवते. माझ्यापाशी कधीच चार तास नव्हते. बटणाचा फोन आमचे हे कामावर नेतात, मोठा पडून फुटू नये म्हणून घरी ठेवतात. टाइम पाहायला म्हणून मी तो माळावर नेत होते. सासूबाईला खेळाचं काही माहीत नव्हतं, तुला मी लबाड बोलले. वीस मिनटं मिळायची, कधी पंचवीस. तेवढ्यात एक डोळा शेळ्यांवर. तुला चार तास सांगितले कारण तू लिवलंस की चार तास नसले की माणूस खेळाडूच न्हाई.

त्या रविवारी दोनला शेळ्या लिंबाखाली बसल्या. मी मोजल्या, चौदा. पहिल्या दोन मॅच झाल्या. तिसरीत तू फोनमधून म्हणायलीस, "दीपे, डावीकडून धर, डावीकडून." आन मी कशाला मान वर केली काय माहीत, लिंबाखाली चारच शेळ्या. बाकीच्या शेजारच्या ज्वारीत.

तुला शहरात ठाऊक नसंल. पाऊस नसला की ज्वारी गुडघ्याएवढी होऊन खुरटती. तसली कोवळी ज्वारी शेळ्यांना जहर असती. किराळ लागती म्हणतात. तोंडाला फेस यतो, पाय झाडतात, घटकाभरात खेळ खलास. आमच्याकडं बारक्या लेकराला पण हे माहीत असतंय.

मी फोन लिंबाच्या बुडाला टाकला आन पळाले. पळताना मागून तुझा आवाज यतच होता. "दीपे हल, दीपे हल." मी हलायलेच होते गं. आयुष्यात कधी एवढी पळाले नव्हते. दगडं मारून, ओरडून दहाच्या दहा भाईर काढल्या. चौघींना लागलंच होतं. गूळपाणी पाजलं, सोनपेठचा डॉक्टर आला, सुया दिल्या. दोन वाचल्या. एक गाभण होती ती आन एक पाठ, म्हंजी बारकी शेळी, दोन गेल्या. गाभणीच्या पोटात दोन पिल्लं होती.

सासूबाईंनी इचारलं, "ध्यान कुठं होतं तुझं?" मी म्हणलं, डोळा लागला. त्या रडल्या, पण मला म्हणल्या, "उन्हाची लागतीच बाई झोप." बघ. माझ्या लबाडीवर त्यांनी इश्वास ठेवला. मला चहा करून दिला.

मग आमचे हे आले. फोन हातात घेतला. ग्रुपवरचं मी रोज वाचून पुसायची, त्या दिवशी भान राह्यलं न्हाई, तुझा मेसेज वरच होता. त्यांनी मोठ्यानं वाचला. "दीपिका पवळेला टीममधून काढलंय. ती खेळाडू नव्हती, बॉट होती."

सासूबाई म्हणल्या, "बॉट म्हंजी काय?"

मीच सांगितलं त्यांना. गेममधी काही गडी असतात, त्यांना कोणी चालवत नसतंय, मशीनच चालवती. दिसतात माणसावानी, पण आत माणूस नसतंय. त्याला बॉट म्हणतात.

धम्मे, माझ्या आत माणूस होतं. ते शेळ्यांमागं पळायलं होतं.

त्यांनी मारलं का म्हणून तू इचारशील. न्हाई. मायलेकांनी बोलणंच बंद केलं. पंधरा दिवस ताट पायरीवर सरकवून ठेवायचे, मी घेऊन खायची. तिकडं मी टाइमपासवाली, खेळाची फिकीर नसलेली. इकडं मी खेळाच्या नादानं शेळ्या मारलेली. एकाच बाईला दोन्ही कसं लागू होईल? मला त्या दिवसांत डोकं चालंना. माहेरी जाते म्हणून निघाले, पण आईनं दुसऱ्या दिवशी परत आणून घातलं असतं. म्हणून मावशीकडं. धरणावर मासे निवडायला तिच्यासंगं जाते.

तू मला काढलंस त्याचं न्हाई. कॅप्टननं काढायलाच पाहिजे. पण एवढ्या वर्षांत मी तुला कधी अर्ध्यात सोडलं होतं का? मग एकदा तरी इचारायचं होतं, दीपे, काय झालं. तू समद्यांना लिवलंस, मला इचारलं न्हाईस.

दीपिका


परभणी
८ ऑक्टोबर

दीपे,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचल्याशिवाय मला ते सोसेना. आई शेवटी एवढंच म्हणाली, "तुला चार तास कोण देतं, धम्मा? मी देते. माझी भांडी घासायला मी तुला उठवत नाही."

आणि माझं एक तुला सांगितलेलं नाही. एप्रिलमधल्या नोकरीच्या परीक्षेत मी नापास झाले, दुसऱ्यांदा. बाबांना वाटतं मी दिवसभर तिसऱ्या प्रयत्नाचा अभ्यास करते. निदान या खेळात तरी मी कोणीतरी असावं, असं वाटत होतं. हळदीकुंकू म्हणून नागेशनं मला टाइमपासवाली ठरवलं होतं, मी ते झटकलं आणि तुझ्या अंगावर टाकलं.

परवा ग्रुपमध्ये तुझा नंबर परत घातला, मग लिहिलं. सगळं लिहिलं. शेळ्यांचं, ज्वारीचं, माझं चुकलं ते. आणि गेममधली नेमबाजीची यादी बघून हेही लिहिलं की रोज वीस मिनिटं खेळून दीपिका जिल्ह्यात सातवी आहे, आणि सहा तास खेळून मी एकोणपन्नासावी.

नागेशनं उत्तर दिलं, "पुढच्या वेळी शेळ्यांना पण टीममध्ये घ्या." राजेश्री टीम सोडून गेली. तिला दुसऱ्या टीमनं घेतलं, जाताना म्हणाली, तुमच्यात राहून माझंही नाव खराब होईल. मनिषानं मात्र फोन केला. तीही दीड तासाचे चार सांगत होती म्हणे. भाऊ दुकानात बसवतो, गिऱ्हाईक नसलं की खेळायची. म्हणाली, "मला वाटायचं मी एकटीच लबाड."

टीम आता नाही. मी अजून बाबांना काही सांगितलेलं नाही. उद्या सांगायचं म्हणते आणि सकाळ झाली की पुस्तक उघडून बसते.

तुला माफ कर म्हणायला जीभ रेटत नाही. फक्त विचारते, आता विचारते. दीपे, कशी आहेस?

धम्मा


वस्ती, ता. सोनपेठ
२१ ऑक्टोबर

धम्मे,

मी परत आले. कशी हाय ते मलाच नीट सांगता यायचं न्हाई, म्हणून काय झालं ते लिवते.

गेल्या शनिवारी आमचे हे येलदरीला आले. एसटीनं, दोन गाड्या बदलून. मावशीनं पाणी दिलं ते पिले आन भिंतीकडं बघत बसले. मला वाटलं आता सोडचिठ्ठीचं काढतात. त्यांनी खिशातून मोठा फोन काढला, तू लिवलेलं माझ्यापुढं धरलं.

म्हणले, "सातवी म्हणून लिवलंय. कशात सातवी?"

मी म्हणलं, "जिल्ह्यात."

"पोरीमधी?"

"न्हाई. समद्यांत. पोरं धरून."

त्यांनी परत वाचलं. "ह्या आपल्या परभणी जिल्ह्यात?"

"व्हय."

फोन खिशात ठेवला आन म्हणले, "मला कामून सांगितलं न्हाईस?"

मी म्हणलं, "तुमी माझं काहीच कधी इचारलं न्हाई."

मावशी चुलीपाशी होती, तिनं फुंकणी खाली ठेवली. मला वाटलं आता उठून जातात. पण ते म्हणले, "शेळ्यांचं मला अजून इसरता यत न्हाई." मी म्हणलं, "मला पण न्हाई." तेवढंच झालं बोलणं. मग दोघं गाडीत बसलो. सोनपेठपर्यंत त्यांनी खिडकीची जागा मला दिली.

सासूबाई दारातच होत्या. "आलीस," म्हणल्या. आत गेल्या आन ताट वाढून हातात दिलं.

समदं नीट झालं असं तू समजू नको. शेळ्या त्या मला एकटीला नेऊ देत न्हाईत, संगं यतात. खरं सांगू का, मला पण एकटीनं न्यायची हिम्मत न्हाई. हिरवं रान दिसलं की मी मोजायला लागते. बारा. परत मोजते. बारा. सासूबाई बघतात.

तू काकाला सांग. मी सांगते म्हणून सांग. सांगेपर्यंतच जड असतंय असं मी म्हणणार न्हाई, सांगितल्यावर पण जड असतंय. पण लपवायला जी ताकद लागती ती तरी वाचती.

येलदरीहून आल्यापासून फोन पेटीत कुलपात होता. आज सकाळी कामावर जाताना आमच्या ह्यांनी पेटी उघडली, फोन काढला, पुसला, आन ओट्यावर ठेवून बटणाचा घेऊन निघून गेले. सासूबाई ओट्याच्या एका कडंला बसल्यात, मी दुसऱ्या कडंला बसून हे लिवायलेय. फोन मधी हाय. मघाशी त्या म्हणल्या, "चार्जिंग हाय का बघ त्यात."

मी अजून हात लावला न्हाई.

तुझी
दीपिका